68 चा प्रकल्प: आधी चिंचोके, मग नावं

ताई, मुलीला सहावीत ‘एका संख्येचे गुणधर्म’ असा प्रकल्प आहे, तिने सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांवरून 68 निवडली आणि ‘सम, संयुक्त’ एवढं लिहून गाडी अडली, असं तुम्ही म्हणताय. निवड उत्तम आहे. मी सोलापुरातच गणिताच्या शिकवण्या घेतो, त्या अनुभवावरून सांगतो: नेटवरची नावं उतरवू देऊ नका. तिला 68 चिंचोके मोजून द्या.

सारख्या ओळी लावायला सांगा. 2 ओळी जमतात, 4 जमतात. 3 केल्या की 2 चिंचोके उरतात, 5 केल्या की 3. चार ओळींत प्रत्येकी 17 येतात, आणि ते 17 पुढे काही केल्या सारखे वाटले जात नाहीत. म्हणजे 68 = 2 × 2 × 17. यावरून सगळे विभाजक निघतात: 1, 2, 4, 17, 34, 68. स्वतः 68 सोडून बाकीच्यांची बेरीज 58, म्हणून ती परिपूर्ण संख्या नाही (28 ची बेरीज मात्र बरोबर 28 भरते). मग तेच चिंचोके घेऊन 8 × 8 चा चौरस करा. उरलेल्या चारांचा 2 × 2 चा चौरस होतो, एकही शिल्लक राहत नाही. दुसऱ्या कुठल्याही दोन चौरसांत 68 बसत नाहीत.

त्या 17 ला फार मान आहे. नियमित सतरा बाजूंची आकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते, हे गाउसने 1796 मध्ये, अठराव्या वर्षी दाखवलं. केंद्रातले कोन दोनदा दुभागले की 68 बाजूंची होते. कोन दुभागणं तर तिला येतंच.

आता देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या दोन कल्पना. अंकांच्या बेरजेने भाग गेला तर ती हर्षद संख्या; इथे 6 + 8 = 14, आणि 14 ने भाग जात नाही. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू. पण 61 + 6 + 1 = 68, म्हणून 68 स्वयंभू नाही. आपली लिंगंही सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली, हे मला इथे हटकून आठवतं. शिवाय अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करत शेवटी 1 आला तर ती ‘आनंदी’ संख्या; इथे 36 + 64 = 100, पुढे 1 + 0 + 0 = 1, म्हणून 68 आनंदी. पण हे सगळं दहाच्या पायात, म्हणजे दहा-दहाचे गट करून, लिहिण्यावर अवलंबून आहे. आठाच्या पायात हीच संख्या 104 (एक 64, शून्य 8, चार 1) अशी लिहितात, तेव्हा अंकांची बेरीज 5 होते. चिंचोके मात्र तेवढेच राहतात. हा फरक तिने वेगळं पान करून लिहावा. माझ्या मते प्रकल्पाचा जीव त्यातच आहे.

आणि शेवटचं, मला सर्वात आवडणारं. 68 ही दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून दोनच प्रकारे लिहिता येते: 7 + 61 आणि 31 + 37. तपासलेल्या सम संख्यांत 68 च्या पुढे अशी ‘दोनच प्रकारां’ची एकही सापडलेली नाही, आणि सापडणारच नाही हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. हा प्रश्न गोल्डबाखने 1742 मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रातल्या अनुमानाशी जोडलेला आहे: 2 पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. तिला 34 पर्यंतच्या अकरा मूळ संख्या एकेक करून 68 मधून वजा करू द्या. मग 70 घ्यायला सांगा. तिथे पाच प्रकार मिळाले पाहिजेत.