कमांड लाइनच्या टूलला वेब इंटरफेस लावून डॉकरमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) कसं चालवायचं? आणि एवढ्या खटाटोपाची गरज आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आहे. याच मुद्द्यावरून माझं आणि मावसभावाचं दोन वर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसलो.

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी नाटक होतं. वाचनालयात जुन्या संहितांचे स्कॅन पडून होते, पण त्यांत एक शब्द शोधायची सोय नव्हती. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरमायपीडीएफ या टूलला एक कमांड दिली की स्कॅनच्या चित्राखाली मजकुराचा थर बसतो. पण आमचे ग्रंथपालकाका सत्तरीचे. काळी खिडकी उघडली की चष्मा काढून ठेवायचे. मावसभाऊ म्हणाला, "चार शब्दांची कमांड, शिकव त्यांना. एका बटणासाठी कंटेनर कसले करतोस?"

मी फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब पानं बनवायची चौकट) एकच पान केलं: फाइल निवडा, बटण दाबा, तयार फाइल उतरवून घ्या. टूलची आयती डॉकर इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) घेतली, तर तिच्यात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी आणि चक्क पोर्तुगीज, मराठी नाहीच! काका म्हणाले, "१९६१ साली गेले म्हणतात ते हेच ना?" डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायची कृती) त्याच इमेजवर टेसरॅक्टचं, म्हणजे टूलच्या आत अक्षरं ओळखणाऱ्या इंजिनाचं, मराठी पॅकेज चढवलं (नावाच्या शेवटी एम-ए-आर). एंट्रीपॉइंटही (कंटेनर सुरू होताच चालणारी कमांड) बदला. तिथे टूलच बसलेलं असतं, तुमचं पान सुरूच होत नाही.

मग कंटेनर चालू, ब्राउझर कोरा. फ्लास्क काय, ते पान चालवणारा सर्व्हर गनिकॉर्न काय, सांगितलं नाही तर १२७.०.०.१ वरच ऐकतात, आणि कंटेनरच्या आत तो पत्ता म्हणजे कंटेनर स्वतःच. ०.०.०.० (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक) द्या. यात माझी एक अख्खी रात्र गेली.

काकांची पहिली फाइल पुढे उभ्या केलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरने परत पाठवली, कारण १ एमबीच्या वर तो मुळात घेतच नाही. मर्यादा वाढवली तर गनिकॉर्नने ३० सेकंदांत काम मारलं. तो आकडा वाढवला तर एनजिनएक्स ६० सेकंदांनी कंटाळला. आकडे फुगवत बसू नका. काम मागे चालू द्या, पानाने मधूनमधून फक्त "झालं का?" विचारावं. फाइली व्हॉल्यूममध्ये (कंटेनर गेला तरी टिकणारी जागा) ठेवा आणि रीस्टार्ट 'अनलेस-स्टॉप्ड' (मुद्दाम थांबवलं नसेल तर आपोआप पुन्हा सुरू) करा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही, आणि वीज आल्यावर काका मला फोन करत नाहीत हेच माझं बक्षीस. कुणी कुबरनेटीस (अनेक मशीनवरचे ढीगभर कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) सुचवलं तर चहा पाजून वाटेला लावा.

हे खरं वरच लिहायला हवं होतं: फाइलचं नाव जोडून शेलची कमांड कधीही बनवू नका, नाही तर नावात लपवलेली कमांडही चालते; सबप्रोसेसला (पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवायची सोय) शब्दांची यादी द्या. आणि डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलला जुमानत नाही. म्हणून यजमान मशीनवर तो १२७.०.०.१ लाच बांधा, पुढे एनजिनएक्स आणि पासवर्ड. कंटेनरच्या आत एक पत्ता, बाहेर दुसरा, गोंधळू नका.

टेसरॅक्टला छापील अक्षरच जमतं. हस्तलिखित नकला आम्ही अजून हातानेच टाइप करतो. त्यांतली एक वही मावसभावाकडे चतुर्थीला दिली होती, कारण त्याला बटणं लागत नाहीत. अजून पहिल्या अंकातच आहे.