एकाच बटणावर दिवा आणि एक्झॉस्ट फॅन दोन्ही घेता येतील का?

हो, घेता येतील. बाथरूमचा दिवा आणि एक्झॉस्ट फॅन आत्ता वेगवेगळ्या बटणांवर आहेत आणि तुम्हाला ते एकत्र लागायला हवेत, एवढंच असेल तर काम छोटं आहे. पण बोर्ड उघडण्याआधी एक बघाच: दोघांची फेज (करंट आणणारी तार) एकाच एमसीबीवरून (मेन बोर्डातल्या, जास्त करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवरून) येते का?

दिव्याचा एमसीबी खाली करा आणि फॅनचं बटण दाबा. फॅन फिरला तर सर्किट वेगळी आहेत, आणि दोन सर्किटच्या फेज एका बटणावर कधीही जोडायच्या नाहीत. एक एमसीबी बंद करून कुणी हात घातला तर दुसरीकडून करंट येतच राहतो. थ्री फेज जोडणीत त्या दोन निरनिराळ्या फेज निघाल्या तर त्यांच्यात साधारण ४०० व्होल्ट असतात, म्हणजे जोडताक्षणी शॉर्ट. अशा वेळी फॅनची फेज आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार), दोन्ही दिव्याच्या सर्किटवर आणायची. नुसती फेज आणली आणि न्यूट्रल जुन्याच जागी राहिली, तर दोन्ही सर्किट एकाच आरसीसीबीवर (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर) नसतील तेव्हा तो वारंवार पडत राहील आणि कारण शोधताना जीव जाईल.

सर्किट एकच असेल तर बटणातून बाहेर पडणाऱ्या फेजच्या दोन वाटा करायच्या: एक दिव्याला, एक फॅनला. न्यूट्रल दोघांना थेट, फॅनला अर्थिंग वेगळं. दिव्यातून निघालेली तार पुढे फॅनला देऊ नका. ती सिरीज होते, व्होल्टेज वाटलं जातं आणि दोन्ही नीट चालत नाहीत. बटणाच्या स्क्रूखाली दोन तारा नीट बसत नसतील तर कोंबू नका. कनेक्टरमध्ये जोड करून तिथून एकच तार बटणाला आणा. सैल जोड तापतो, जळण्याची सुरुवात तिथूनच होते.

लोडची काळजी इथे नाही. ९ वॉटचा दिवा आणि ४० वॉटचा फॅन मिळून २३० व्होल्टवर पाव अँपिअरही होत नाही, ६ अँपिअरचं बटण भरपूर झालं. त्याच बटणावर गिझर मात्र नको. २००० वॉटचा गिझर एकटाच जवळपास ८.७ अँपिअर घेतो. आणि डबल पोल बटण दोन उपकरणांसाठी असतं असं बरेच जण समजतात, तसं नाही; ते एकाच उपकरणाची फेज आणि न्यूट्रल एकदम तोडतं.

तारांना हात लावण्याआधी मेन बंद करा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का बघा, मगच त्याच्या न पेटण्यावर विश्वास ठेवा. याची सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या.

माझं मत विचाराल तर टायमरवाला फॅन घ्या. साध्या जोडणीत दिवा बंद केला की फॅनही थांबतो, आणि वाफ तर अंघोळीनंतरच काढायची असते. या फॅनला बटणाच्या फेजशिवाय कायम चालू राहणारी आणखी एक फेज लागते, तेव्हा बोर्ड उघडलाच आहे तर ती तारही आत्ताच ओढून ठेवा.