हाकेवर हलणारा संघ आणि मान डोलावणारी टीम

कॉलेजात कबड्डीच्या कर्णधार होतात तेव्हा मुली एका हाकेवर हलायच्या, आणि आता अंधेरीच्या ऑफिसात टीम लीड झालात तर वयाने मोठे दोन सहकारी नुसती मान डोलावतात, असं तुम्ही लिहिलंय. मी परळच्या मैदानांवर खेळलो आणि पुढे बँकेत शाखा सांभाळली, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी ती हाक आठवून बघा. चढाई ३० सेकंदांची. चढाई करणारीने डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला की घोटा धरायचा की नाही, हे कोपऱ्यातल्या मुलीने स्वतःच ठरवायचं. तुम्ही ‘धर’ म्हणेपर्यंत समोरची मध्यरेषेपार. कर्णधाराचं काम त्याआधीच उरकलेलं असतं: कोपऱ्यात कोण, कव्हरला, म्हणजे कोपऱ्याच्या मदतीला, कोण, साखळीत कोणाचा हात कोणाच्या हातात. आणि कोपऱ्यातली एकदा घुसली की ‘ही आत्ता कशाला घुसली?’ असं बघत कोणी उभं राहायचं नाही, सगळ्यांनी अंगावर जायचं. घाईत घातलेला हातही मागून कव्हर वेळेवर आलं की पकड होऊन जातो. एकटी घोट्याला लटकलेली मात्र ओढली जाते आणि बाद होते.

ऑफिसात घोडं नेमकं इथेच अडतं. एखाद्याने क्लायंटला परस्पर तारीख दिली की बाकीचे तमाशा बघतात, आणि लीड भर मीटिंगमध्ये विचारतो, ‘कोणाला विचारून दिलीस?’ त्यानंतर कोण कशाला घुसेल? वर हाच लीड अप्रेझलमध्ये लिहितो, पुढाकार घेत नाही. तारीख चुकली असेल तर बोला, पण काम पार पडल्यावर, दार लावून.

दुसरं, बाद झालेल्यांचं. आपल्या संघाने समोरचा खेळाडू बाद केला की आपल्यातला जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. कर्णधाराला त्यात आपल्या मर्जीतला पुढे घुसवता येत नाही. ऑफिसात असा पंच नसतो. चूक केलेल्याला चांगलं काम पुन्हा कधी द्यायचं, ते तुमच्याच हातात, आणि सगळी टीम तेवढंच बघत असते.

राहिले सीनियर. आपल्या अजित वाडेकरांचं उदाहरण घ्या. तेही बँकेतले, स्टेट बँकेतले. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी पतौडींच्या जागी ते भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार झाले, तेही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर. संघात दिलीप सरदेसाई होते, कसोटी पदार्पणात त्यांच्यापेक्षा ५ वर्षांनी जुने. नवा कर्णधार असा माणूस टाळतो. वाडेकरांनी आग्रह धरून घेतला. सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या, आणि तिथे मालिका जिंकण्याची भारताची ती पहिलीच वेळ. पहिल्या कसोटीचा पहिला दिवस पावसाने धुतला, तेव्हा फॉलोऑनला, म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा खेळायला लावायला, २०० नव्हे तर १५० धावांची आघाडी पुरते, हा नियम वाडेकरांना पक्का ठाऊक होता. १७० च्या आघाडीवर त्यांनी सोबर्सच्या वेस्ट इंडिज संघाला पुन्हा फलंदाजीला लावलं. सीनियर मंडळी आवाजाला नाही, अशा तयारीला मानतात.

तुमच्या त्या दोन सीनियरपैकी जास्त कुरकुर करणाऱ्याला एक कोपरा पूर्ण द्या. एकच क्लायंट, पण तारखा, बोलणी, सगळं त्यांचं. मीटिंगमध्ये जाहीर करण्याआधी खाली टपरीवर चहा घेताना त्यांच्या कानावर घाला. आणि मग महिनाभर त्यात नाक खुपसू नका, हे सगळ्यात कठीण जाईल.