हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेल्याला जॅझमध्ये उपज (वाजवता वाजवता सुचेल तशी केलेली मांडणी) करता येते का?

पंधरा वर्षे हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकल्यावर जॅझ वाजवणाऱ्यांबरोबर बसायचे झाले, तर आलाप-तानांची तयारी कितपत उपयोगी पडते, असे आपण विचारले आहे. मीही याच वाटेने गेले आहे. हात आणि कान पुष्कळ कामी येतात. अडचण होते ती षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, अढळ असतो, या आपल्या श्रद्धेची.

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘सो व्हॉट’ या रचनेपासून सुरुवात करावी. तिचे बत्तीस बारचे (चार मात्रांचा एक बार) आवर्तन म्हणजे १२८ मात्रा, अर्थात सोळा मात्रांच्या तीनतालाची आठ आवर्तने. पहिल्या चार आवर्तनांत पांढरी दोनचा (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी) षड्ज धरला, तर स्वर थेट काफी थाटाचे, म्हणजे गंधार व निषाद कोमल आणि बाकी शुद्ध, असे आहेत. पुढची दोन आवर्तने मात्र तेच सर्व स्वर अर्ध्या स्वराने वर, काळी दोनवर सरकतात आणि शेवटच्या दोन आवर्तनांत परत खाली येतात. आपल्याकडच्या मूर्च्छनेत स्वर तेच राहून षड्ज बदलतो. येथे अख्खे सप्तकच जागा सोडते. षड्ज-पंचमात जुळवलेल्या मोकळ्या (बोट न ठेवता वाजणाऱ्या) तारा मधल्या त्या दोन आवर्तनांत वैरी होतात. मी पहिल्यांदा वाजवले तेव्हा बागेश्री रागाच्या अंगाने मध्यमावर निवांत न्यास केला होता, म्हणजे त्या स्वरावर विसावले होते, आणि साथीदार केव्हाच काळी दोनवर पोहोचले होते. (ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.)

दुसरी गोष्ट लयीची. जॅझमध्ये जोर साधारणपणे बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, त्यामुळे प्रत्येक तिहाई (तीनदा वाजवलेला तोच तुकडा) समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठोकून आणली की ती हट्टी वाटते. मी तिहाया जवळजवळ सोडून दिल्या. त्या न सोडताही चांगले वाजवणारे असतील.

रियाज असा करावा: तानपुरा बंद ठेवून, हार्मोनियमवर प्रत्येक दोन आवर्तनांनी षड्ज बदलत सरगम गावी आणि मगच वाद्य हातात घ्यावे. डेव्हिस यांचा एकल भागही आधी गाऊन पाठ करावा, कारण त्यात स्वर मोजके आहेत आणि थांबण्याच्या जागा पुष्कळ आहेत. सुरुवातीचे काही महिने मी व्हायोलिनच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीने जुळवल्या होत्या. बोटे गोंधळली, पण मोकळ्या षड्जाचा आधार घेण्याची सवय त्यानेच सुटली.