खंगणे, रोडावणे, झिजणे: 'कॅशेक्सिया'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. त्यात 'कॅशेक्सिया'साठी (म्हणजे दीर्घ आजारात अंगावरचे मांस आणि वजन घटत जाणे) 'क्षय' लिहावे की 'कुपोषण'?

माझ्या मते दोन्ही टाळा. 'क्षय' अर्थाने जवळचा आहे, पण तो शब्द टीबीने कधीच बळकावला. पत्रक वाचून घरचे घाबरून विचारतील, "आता टीबीपण झाला का?"

'कुपोषण' त्याहून वाईट. एक तर घरच्यांवर ठपका येतो, जणू कोणी खायलाच घालत नाही. शिवाय शरीरात जे घडते ते उपासमारीपेक्षा वेगळे असते. उपाशी माणसाचे शरीर सुरुवातीचे काही दिवस स्नायूंतली प्रथिने मोडून साखर बनवते. मग यकृत चरबीपासून कीटोन तयार करू लागते, मेंदू त्यावर भागवतो आणि स्नायू बऱ्यापैकी वाचतात. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांत ही काटकसर नीट साधत नाही. शरीरात सतत दाह (इन्फ्लमेशन) चालू असतो. त्यातून टीएनएफ, आयएल-६ अशी संदेशवाहक द्रव्ये रक्तात येतात आणि स्नायूंमधली मोडतोड वाढवतात. (शब्दप्रेमींसाठी एक गंमत: टीएनएफलाच एका प्रयोगशाळेने 'कॅशेक्टिन' असे नाव दिले होते. दोन्ही एकच आहेत हे १९८५ साली उलगडले.)

मोडतोड होते ती पद्धतशीर. एट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही २००१मध्ये सापडलेली विकरे (एन्झाइम) स्नायूतल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा शिक्का मारतात. शिक्का बसलेले प्रथिन प्रोटिअझोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रात, जाते आणि तिथे त्याचे बारीक तुकडे होतात. या युबिक्विटिन यंत्रणेच्या शोधाला २००४चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सुटलेली अमिनो आम्ले यकृत उचलते. त्यांतून साखर आणि सीआरपीसारखी दाहाची प्रथिने बनवते. दुसरीकडे स्नायूत नवे प्रथिन बनणेही मंदावते. म्हणून केवळ आहार वाढवून ही झीज पूर्ण भरून निघत नाही. कर्करोगातल्या कॅशेक्सियाच्या २०११च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच तसे म्हटले आहे.

मग शब्द कोणता? रोजच्या बोलण्यातला 'खंगणे'. "दुखण्याने पार खंगला" असे आपण म्हणतो. "उपास करून खंगला" असे फारसे कोणी म्हणत नाही, तो 'वाळतो' किंवा 'उतरतो'. काळजीने माणूस खंगतो, हाय खाऊन खंगतो. आतून काहीतरी पोखरत असल्याची छटा या क्रियापदातच आहे. 'रोडावणे'ला कारणाशी देणेघेणे नाही: म्हैस रोडावते, सभेची गर्दीही रोडावते. 'पाप्याचं पितर' तर मुळातच हडकुळ्या माणसाला म्हणतात, त्याला आजार असायची गरज नाही. 'झिजणे' मोहात पाडते, पण झीज वापराने, काळाने होते. म्हातारपणी स्नायू कमी होतात त्या 'सार्कोपेनिया'साठी मी तो राखून ठेवीन.

नाम हवेच असेल तर स्नायूंपुरता 'मांसक्षय' चालेल. सुश्रुतसंहितेत हा शब्द आहे आणि लक्षणांत गाल, मांड्या, पोटऱ्या, मान सुकणे सांगितले आहे. 'स्नायुक्षय' मात्र नको: तो मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजारासाठीही वापरात आहे, आणि आयुर्वेदात 'स्नायू' म्हणजे मसल नव्हेच.

पत्रकात नुसते 'वजन घटणे' लिहूनही भागणार नाही. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोंहून अधिक, ही कर्करोगातली एक ठरलेली खूण आहे खरी. पण पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा तेवढाच राहतो आणि माणूस मात्र खंगत असतो. मी असे वाक्य सुचवीन: "आजारामुळे अंगावरचे मांस कमी होऊन रुग्ण खंगतो (याला डॉक्टर 'कॅशेक्सिया' म्हणतात). यात तुमच्या खाऊ घालण्यात काही कमी पडले असे समजू नका. कानशिलांजवळ खळगे दिसू लागले, गळ्याची हाडे वर आली, डब्याचे झाकण उघडताना हाताला जोर येईना, तर पुढच्या तपासणीपर्यंत न थांबता डॉक्टरांना सांगा."