घर तारण ठेवून हवामान शिकायला जाऊ का?

प्रिय ताई,

मी २५ वर्षांची. बीएस्सी नर्सिंग केलं, तीन वर्षं पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीला आहे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात हवामान, पर्यावरण आणि आरोग्य या विषयाच्या एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. फी आणि राहणं धरून चाळीस लाखांच्या आसपास जातात. बँक तारण मागते, म्हणजे धायरीचा फ्लॅट. बाबा निवृत्त झालेत. ते म्हणतात, हे शिकून नोकरी कोण देणार? आई म्हणते, आधी लग्नाचं बघ. दादा विचारतो, परत येऊन टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणार का? गेल्या दोन उन्हाळ्यांत चक्कर, उलट्या, पायात गोळे घेऊन आलेल्या कितीतरी बायकांना मी सलाईन लावून घरी पाठवलं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या. केसपेपरवर यातलं काही येत नाही, म्हणून मी डायरीत लिहीत गेले. जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आमच्याच भागात आली तेव्हापासून नीट झोप नाही. घरात मी हट्टी ठरलेय. काय करू?

— एक सिस्टर, धायरी

प्रिय सिस्टर,

फ्लॅट, लग्न, दादाचं बोलणं यावर तू भरभरून लिहिलंस आणि डायरी एका ओळीत उरकलीस. मी डायरीपासूनच सुरू करते.

उन्हाने माणूस दगावतो तेव्हा कागदावर ऊन क्वचितच येतं. तिथे हृदयविकार येतो, मूत्रपिंड निकामी झालं असं येतं. त्यामुळे असे मृत्यू आडवाटेने मोजावे लागतात. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातले शहरातले सगळे मृत्यू संशोधकांनी आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. त्या उन्हाळ्याचा धडा घेऊन २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था त्यात सोबत होती, आणि दवाखान्यातल्या लोकांना उष्माघात ओळखायला शिकवणं हा आराखड्याचा एक मोठा भाग होता. दवाखान्यातल्या लोकांना, म्हणजे तुझ्यासारख्यांना.

या हिशोबातून किती जण गेले ते कळतं. पण ते कुठल्या छपराखाली राहत होते, दुपारी काय काम करत होते, रात्री त्यांची खोली गार होत होती का, हे त्यात कुठेच नाही. रात्री पत्रा तापलेलाच राहिला तर शरीराला सावरायला वेळ मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच बाई पुन्हा उन्हात उभी असते. तू टिपलंस ते हे. एक मात्र आजच कर: डायरीत पेशंटची नावं किंवा फोन नंबर असतील तर खोडून टाक. पुढे त्या नोंदी अभ्यासात वापरायच्या असतील तर रुग्णालयाची आणि नैतिकता समितीची परवानगी लागेल. तोवर त्या कुणाला दाखवू नकोस.

आता पदवी. दादाला सांग, या शिक्षणाचा कणा म्हणजे साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र. पावसाची, तापमानाची, हवेतल्या धुळीची आकडेवारी आजारांच्या आकडेवारीशेजारी ठेवायची आणि कशामुळे काय झालं, किती दिवसांनी झालं, हे शोधायचं. याचं चांगलं उदाहरण आपल्या पाषाणमध्येच आहे. उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या सोफिया याकूब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. २७ अंशांच्या वर तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि बेताचा, सारखा पडणारा पाऊस हे डेंग्यूला पोषक ठरतं. पण आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर डासांची अंडी आणि अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू उलट कमी होतो. ‘पाऊस वाढला की डेंग्यू वाढला’ असं आपण सगळेच सहज म्हणून जातो. आकडे तसं म्हणत नाहीत. हीच मांडणी वापरून दोन महिन्यांहून अधिक आधी इशारा देता येऊ शकतो असंही त्यांनी दाखवलं. दोन महिने म्हणजे रक्तपेढी, खाटा, फवारणी सगळ्याची तयारी. माझ्या मते या विषयाचं मोल इथे आहे.

म्हणूनच जीबीएसबद्दल जरा थांब. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात ती साथ आली, तेव्हा संशय पाण्यावर होता आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो प्रश्न शहर वाढलं त्या वेगाने शुद्ध पाणी पोचलं की नाही याचा आहे. पर्यावरण आणि आरोग्याचा नक्कीच, पण सगळंच हवामानबदलाच्या खात्यात टाकलं तर जलवाहिनी कुणी दुरुस्त करायची हे विचारायचं राहून जातं. झोपेचंही तसंच आहे. रात्रपाळी आणि ही काळजी एकत्र आली की मन थकतं. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखव. तू दुसऱ्यांना हेच सांगतेस.

बाबांचा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि त्याला हट्टाने उत्तर देऊ नकोस. नोकऱ्या आहेत, पण थोड्या. केंद्राचा हवामानबदल आणि मानवी आरोग्य कार्यक्रम २०१९ पासून आहे. शहरोशहरी उष्णता आराखडे होताहेत, संशोधन संस्था प्रकल्पांसाठी माणसं घेतात. मात्र यातली बरीच पदं कराराची असतात आणि पहिला पगार चाळीस लाखांचा हप्ता पेलणारा असेलच असं नाही. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं. निवृत्त माणसाचं एकुलतं घर त्यावर लावणं मला पटत नाही. तू माझी मुलगी असतीस तरी मी सही करू दिली नसती.

जाऊ नकोस असं मात्र मी म्हणत नाही. विद्यापीठाला लिही आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का विचार. अनेक ठिकाणी देतात. त्या वर्षात चेवनिंगला अर्ज कर. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठीच ती शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, तो तुझ्याकडे आहे. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, आणि तुझा प्रश्न तर इथलाच आहे. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तीही बघ. अर्जाच्या निबंधात ध्रुवावरच्या बर्फाबद्दल लिहू नकोस. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना रिकामा का राहतो, हे लिही.

शिष्यवृत्ती नाही मिळाली तर? मग इथेच एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स, कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आरोग्यविज्ञानाचा विभाग आहे, गांधीनगरला ती सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. खर्च खूपच कमी, आणि उष्णता हा विषय प्रबंधासाठी तिथेही घेता येतो. दोन्ही वाटांवर संख्याशास्त्र लागणारच. आकडेमोडीसाठीची ‘आर’ नावाची संगणकप्रणाली फुकट आहे, केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर मोफत अभ्यासक्रम आहेत. सुट्टीच्या दिवशी बसून महिनाभर करून बघ. आकड्यांत रमलीस तर पुढे जा. जीव कंटाळला तर तेही आत्ताच कळलेलं बरं, फी भरल्यावर नको.

आईशी भांडू नकोस. स्थळं बघायला हरकत नाही, पण पहिल्याच भेटीत ‘मी पुढे शिकणार आहे’ हे मुलासमोर तूच बोलायचंस, एवढी अट घाल.

आणि बाबांकडे रविवारी सकाळी चहाच्या वेळी कागद घेऊन बस: शिष्यवृत्तीच्या तारखा, एमपीएचची फी, आणि वर ठळक अक्षरात ‘फ्लॅट तारण नाही’. त्याआधी विद्यापीठाला ते पत्र गेलेलं असू दे. पुढे ढकलायची विनंती बहुतेक वेळा अनामत रक्कम भरायच्या मुदतीआधीच करावी लागते.

— तुझी ताई