आधी नळ्या मोज

प्रिय डॉक्टर,

रात्री पावणेदोनला तू रिपोर्टचा फोटो पाठवलास. क्लेब्सिएला जंतू, खाली 'आर'ची (औषध चालत नाही) रांग, टायगेसायक्लिनपुढे एकुलता एक 'एस' (चालतं), कोलिस्टिनपुढे 'आय' (मधलं), आणि प्रश्न: "मॅडम, दोन्ही एकदम सुरू करू का?" तुझी घालमेल कळली. पण फोटोची वरची पट्टी तू कापली आहेस. नमुना कशाचा, कुठून घेतला, कधी घेतला, हे त्या पट्टीत असतं. औषधांची यादी तेवढी ठेवलीस आणि नेमकं तेच गाळलंस. म्हणून दोन शब्दांत उत्तर देत नाही, सविस्तर लिहितेय.

मेसेजच्या शेवटी तू जाता जाता लिहिलं आहेस, "व्हेंटिलेटरचा अकरावा दिवस, मांडीत सेंट्रल लाइन, लघवीची नळी." जाता जाता! अख्खी केस त्या ओळीत आहे. रेझिस्टंट जंतू पेशंटपर्यंत आपल्या हातावरून येतो आणि आपणच घातलेल्या नळीवर, मग ती मोठ्या शिरेतली सेंट्रल लाइन असो की लघवीचा कॅथेटर, घर करतो. म्हणून औषधाला हात लावण्याआधी चादर बाजूला कर आणि डोक्यापासून पायापर्यंत नळ्या मोज. प्रत्येकीची तारीख काय, आणि आज ती कशासाठी आहे? "असू दे, लागली तर" हे कारण नाही.

अपवाद एकच. पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे बीपी कोसळलं असेल, तर मोजत बसू नकोस. ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) घे आणि तासाच्या आत पहिला डोस जाऊ दे. पण तुझ्या पेशंटचं बीपी स्वतःच्या जोरावर टिकून आहे, ताप ३८.१, ऑक्सिजनची गरज कालच्याएवढीच. तुझ्याकडे वेळ आहे. घाबरलायस म्हणून नाही असं वाटतंय.

समज, तो नमुना लघवीचा निघाला. कॅथेटर असलेल्यांपैकी दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत जंतू नव्याने शिरतात. महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्या. मिलिलीटरमागे एक लाख कॉलन्या आल्या तरी त्याने आजार सिद्ध होत नाही. लघवी गढूळ आहे, वास मारतेय, पू-पेशी भरपूर आहेत, यातलंही काही कॅथेटरवाल्या पेशंटमध्ये पुरावा म्हणून चालत नाही. लक्षणं नसताना लघवीतल्या जंतूंवर औषध द्यायचं ते गर्भवतीला, किंवा मूत्रमार्गाच्या अस्तराला इजा होईल असं ऑपरेशन ठरलं असेल तर. आणि नमुना युरोबॅगेतून घेतला असेल तर रिपोर्ट फाडून टाक. बॅगेत लघवी तासन्‌तास पडून असते, जंतू तिथेच वाढतात. सॅम्पलिंग पोर्ट अल्कोहोलने पुसायचा, सुकू द्यायचा, मग सिरिंजने ओढायचं. कॅथेटर दोन आठवड्यांहून जुना असेल तर आधी तो बदलायचा आणि नव्यातून नमुना घ्यायचा. जुन्यातून येतो तो नळीच्या आतल्या बुळबुळीत थराचा अहवाल. मूत्राशयाची खबर त्यात नसते. कॅथेटरचं टोक कापून कल्चरला पाठवणारे अजून आहेत. तू त्यांच्यात जाऊ नकोस.

त्या थराबद्दल थोडं. जंतू नळीवर चिकटतात, स्वतःभोवती चिकट जाळं विणतात आणि आत जवळजवळ झोपून राहतात. रिपोर्टवरचा एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण, हा पातळ द्रवात मोकळ्या पोहणाऱ्या जंतूंचा आकडा असतो. थरातले जंतू त्याच्या शेकडो पट औषध पचवतात. म्हणजे 'एस' असलेलं औषधही नळी आत असेपर्यंत अर्धवटच चालतं: ताप उतरतो, औषध थांबतं, आठवड्याने तोच जंतू परत येतो, आणि या वेळी त्याच्या रिपोर्टवर एक 'एस' कमी असतो. रेझिस्टन्स असा घडतो आणि आपण "जंतू फार चिवट आहे" म्हणून मोकळे होतो. नळी बघ.

आता तुझा तो एकुलता एक 'एस'. टायगेसायक्लिन रक्तात फार कमी राहतं आणि लघवीत त्याहून अपुरं. लघवीतल्या क्लेब्सिएलापुढचा तो 'एस' छापील आहे, पेशंटपर्यंत पोचणारा नाही. आणि कोलिस्टिनच्या 'आय'ने दचकू नकोस. लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या सीएलएसआय संस्थेने २०२० मध्ये त्याचा 'एस' काढूनच टाकला. 'आय' ही त्याला मिळू शकणारी सर्वात चांगली श्रेणी आहे. लॅबला फोन करून एवढं विचार, की तपासणी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे द्रवात औषध पातळ करत जाऊन, केली का. चकती किंवा पट्टी लावून केली असेल तर तो निकाल धरायचा नाही. कोलिस्टिनचा रेणू मोठा असतो, अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही.

समज, नमुना रक्ताचा आहे. मग मामला गंभीर, आणि इथेही पहिला प्रश्न नळीचाच. तू एकच बाटली पाठवली होतीस का? किमान दोन सेट (एका जागेहून एकदा घेतलेल्या बाटल्या म्हणजे एक सेट), वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. तीन मिलि भरून "कल्चर निगेटिव्ह" म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. मोठ्या माणसाच्या रक्तात मिलिलीटरमागे एखादाच जंतू असू शकतो. त्वचेला अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन लाव, ३० सेकंद सुकू दे, मग पुन्हा बोटाने शीर चाचपू नकोस. बाटलीचं रबरही पूस. टोपी उघडली म्हणून ते निर्जंतुक होत नाही. सेंट्रल लाइन असेल तर एक सेट लाइनमधून आणि एक शिरेतून, एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात. लाइनमधली बाटली शिरेतल्यापेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली तर उगम लाइनच. दोन्हींवर वेळ आणि जागा लिहिली नसेल तर ही सगळी मेहनत पाण्यात. "राइट हँड" आणि "सीव्हीसी" (सेंट्रल लाइन), इतके दोन शब्द. तेवढे लिही.

थोड्या दिवसांसाठीच्या सेंट्रल लाइनमधून ग्रॅम-निगेटिव्ह (क्लेब्सिएलाच्या गटातला जंतू), स्टॅफ ऑरिअस, एन्टेरोकॉकस किंवा कँडिडा आला तर लाइन निघालीच पाहिजे. "दुसरी शीर मिळत नाही" हे मला सांगू नकोस. मिळत नाही म्हणजे शोधली नाही. अल्ट्रासाउंड घे आणि शोध. तुझ्या पेशंटची लाइन मांडीत आहे, लंगोटाशेजारी, आणि घाईत घातलेली. घाईत, पूर्ण ड्रेपिंगशिवाय घातलेली लाइन ४८ तासांच्या आत बदलायची असते. तू तारीखच लिहिलेली नाहीस.

श्वासनलिकेतला नमुना असेल तर ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी) आधी वाच. छोट्या लेन्सखाली प्रत्येक फील्डमध्ये पू-पेशी २५ हून जास्त आणि अस्तराच्या पेशी १० हून कमी नसतील तर ती बहुधा तोंडातली थुंकी आहे. एक्स-रेवर नवी सावली नाही, ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही, तर ट्यूबमधला क्लेब्सिएला फक्त राहायला आलाय. राहू दे. पेशंटला वेगळं ठेव, औषध देऊ नकोस. इथे हात आवरणं सर्वात अवघड जातं, कारण नातेवाइकांना आणि वरिष्ठांना "काहीतरी सुरू केलं" हे ऐकायचं असतं.

खरं इन्फेक्शन ठरलं तर मात्र भित्रेपणा नको. लॅबला कार्बापेनेमेजचा, म्हणजे मेरोपेनेमसारखी औषधं तोडणाऱ्या एन्झाइमचा, प्रकार विचार, कारण औषध त्यावर ठरतं. केपीसी किंवा ओएक्सए-४८ प्रकार असेल तर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम चालतं. एनडीएम प्रकारावर ते एकटं चालत नाही. सोबत अ‍ॅझ्ट्रिओनाम लागतं. एनडीएमला अ‍ॅझ्ट्रिओनाम तोडता येत नाही, पण त्याच जंतूकडची बाकीची एन्झाइम्स ते तोडतात, आणि त्यांना अव्हिबॅक्टम अडवून धरतं. दोन्ही एकाच वेळी अंगात असली पाहिजेत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं नाही. कोलिस्टिनवरच वेळ आली तर लोडिंग डोस ९० लाख युनिट, किडनी बिघडलेली असली तरी तेवढाच. कमी होतात ते पुढचे डोस. युनिट आणि मिलिग्रॅममध्ये गल्लत करू नकोस: १० लाख युनिट म्हणजे साधारण ८० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट, पण कोलिस्टिन बेस मोजला तर ३३ मिलिग्रॅमच्या आसपास. कुपीवर यातलं नेमकं काय छापलंय ते सिस्टरसोबत मोठ्याने वाच.

मेरोपेनेम द्यायचं तर पहिला डोस पटकन, पुढचे तीन तासांत सावकाश. बीटा-लॅक्टम (मेरोपेनेम, पिपरासिलिन यांचा गट) रक्तात किती उंच चढलं यापेक्षा एमआयसीच्या वर किती वेळ राहिलं यावर काम करतात. मेरोपेनेमसोबत मेट्रोनिडाझोल लिहायची सवय आजच सोड. अ‍ॅनेरोब (ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू) मेरोपेनेम एकटंच झाकतं. आणि ईएसबीएल (बरीच बीटा-लॅक्टम तोडणारं एन्झाइम) बनवणाऱ्या ई. कोलाय किंवा क्लेब्सिएलाच्या रक्तातल्या इन्फेक्शनला, रिपोर्टवर 'एस' आहे म्हणून पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमवर निभावू नकोस. २०१८ च्या मेरिनो चाचणीत ३० दिवसांतले मृत्यू त्यावर १२.३ टक्के, तर मेरोपेनेमवर ३.७ टक्के होते. मेरोपेनेम वाचवायचं असतं ते जिथे कशाचीच गरज नसते तिथे. जिथे गरज आहे तिथे कंजुषी म्हणजे स्टुअर्डशिप (अँटिबायोटिकचा जपून, योग्य वापर) नाही.

किती दिवस? व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाला ७. पोटातलं इन्फेक्शन, पू पूर्ण काढला असेल तर ४. ग्रॅम-निगेटिव्ह बॅक्टेरिमिया (रक्तात जंतू), उगम काढला असेल आणि पेशंट सुधारत असेल तर ७. स्टॅफ ऑरिअसला सूट नाही: पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून किमान १४, आणि हृदयाचा इको. पोटाच्या आणि बॅक्टेरिमियाच्या आकड्याआधी "काढला असेल तर" आहे, बघ. गळू आणि नळी आत ठेवून २१ दिवस औषध दिलंस तरी ते चारसारखं काम करणार नाही. ड्रेन (जखमेतला द्रव बाहेर काढणारी नळी) आहे म्हणून ऑपरेशनची प्रोफिलॅक्सिस (इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेलं औषध) पाच दिवस ओढणाऱ्यांनाही हेच सांगायचं: ड्रेन काढा. औषध २४ तासांच्या पुढे नाही.

आता शेजारच्या कॉटचा विचार कर, कारण हा क्लेब्सिएला तिथे जाणारच आहे. कशावरून? लघवी मोजायच्या जगवरून. एकच जग चार पेशंटच्या बॅगांखाली फिरतो. प्रत्येकाला स्वतंत्र जग, नळाचं टोक जगला लागू न देता, आणि दोन पेशंटच्या मधे हातमोजे बदलून हात चोळून. हातमोजे घातले म्हणून हात धुतल्यात जमा नाहीत. अल्कोहोल रब तळहातभर, २० ते ३० सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडांसह. लाइनच्या हबला (औषध टोचायच्या तोंडाला) औषध देण्याआधी १५ सेकंद घास आणि सुकू दे. नुसतं पुसल्यासारखं करणं मी ओळखते. पारदर्शक ड्रेसिंग ७ दिवस, गॉझ २ दिवस, ओलं किंवा सुटलेलं तत्काळ. श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ (तिच्याभोवतीचा हवेचा फुगा) २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबावर. कमी पडला तर घशातलं सगळं कडेने खाली झिरपतं.

आणि बेसिन. व्हेंटिलेटरच्या नळीतलं साचलेलं पाणी, उरलेलं सलाईन, उरलेलं अँटिबायोटिक, सगळं हात धुवायच्या बेसिनमध्ये ओतलं जातं. खालच्या वाकलेल्या पाइपात त्यावर रेझिस्टंट जंतू पोसले जातात आणि नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर मीटरभर उडतात. तीही एक नळीच आहे, फक्त पेशंटबाहेरची. त्या बेसिनशेजारी इंजेक्शनचा ट्रे ठेवू नकोस.

कॉटच्या कडा, पंपाची बटणं आणि मॉनिटर आधी साबणपाण्याने, मग हायपोक्लोराइटने. ५ टक्क्यांच्या द्रावणातला १ भाग आणि ४९ भाग पाणी म्हणजे १००० पीपीएम. रोज ताजं, उघड्यावर क्लोरीन उडून जातं. मळ न काढता ओतलं तर क्लोरीन मळातच संपतं. ओलं १० मिनिटं राहिलं पाहिजे. सफाईच्या मावशींना हे कारणासकट सांग. त्या करतात. घाई आपण करतो, कॉट लवकर हवी म्हणून.

मला हेकट म्हणतात हे मला ठाऊक आहे. नळी काढायला सांगणाऱ्याचं कुणी नाव घेत नाही. काढल्यावर लघवी अडली की मात्र पहिला फोन त्यालाच येतो. अडली तर ब्लॅडर स्कॅन कर, गरज पडली तर एकदा कॅथेटर घालून लगेच काढ, पण कायमचा परत घालू नकोस. नवी औषधं मला आवडत नाहीत असंही नाही. वर्षानुवर्षं मी तुमच्यासारख्यांना औषधांचा तक्ता घोकायला लावला आणि चादर बाजूला करायला शिकवलं नाही. ती चूक माझी आहे, आणि तिच्यामुळेच हे पत्र जरा चिडून लिहिलं गेलंय.

आता उठ. लघवीची नळी काढता येते का बघ. येत नसेल तर कारण लिही. मांडीतली लाइन वर, अल्ट्रासाउंडखाली, पूर्ण ड्रेप लावून नवी घाल. पण जुनी काढण्याआधी त्या लाइनमधून आणि शिरेतून दोन सेट घे. फोटोची वरची पट्टी शोध. सकाळी राउंडच्या आधी मला एवढंच कळव: नळ्या किती, कुठली कधीची, आणि तो नमुना कुठून घेतला होता. कोलिस्टिनचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम